‘आम्ही कळविले होते’ : गुप्तवार्तेतील दुही आणि जबाबदारीचा प्रश्न

१

पराभवानंतर राज्यसंस्थेच्या आतून जी विधाने बाहेर येतात त्यांत एक विधान हटकून आढळते : ‘आम्ही कळविले होते.’ लष्करी हेरखाते ते मुलकी हेरखात्याला उद्देशून उच्चारते, मुलकी खाते लष्कराला उद्देशून उच्चारते, आणि दोन्ही खाती ते राज्यकर्त्याच्या दारात उच्चारतात. वरवर पाहता हे वस्तुस्थितीचे साधे कथन आहे. अमुक पत्र अमुक तारखेस रवाना झाले की नाही, याची दप्तरात शहानिशा करता येते. परंतु ते ज्या प्रसंगी उच्चारले जाते तो प्रसंग ध्यानात घेतला, तर त्याचे खरे कार्य जबाबदारीची हद्द आखण्याचे असते असे दिसते. सांगणाऱ्याचे कर्तव्य सांगण्यापाशी संपले आणि त्यापुढे जे घडले ते ऐकणाऱ्याच्या माथी, असा निवाडा त्यात गृहीत धरलेला असतो.

हा निवाडा नैतिक दृष्ट्या कितपत टिकतो, हा येथे विचारार्थ घेतलेला प्रश्न आहे. प्रशासनशास्त्र त्याकडे ‘समन्वयाचा अभाव’ या नावाने पाहते आणि समित्या, मंडळे, नवी पदे असे उपाय सुचविते. त्या उपायांचे मोल नाकारण्याचे कारण नाही. मात्र सांगणे, संहिता आणि ग्रहण या तिन्हींच्या परस्परसंबंधाचा विचार ज्या शास्त्राने सर्वांत बारकाईने केला ते साहित्यशास्त्र आहे, आणि हेराची बातमी ही प्रथमतः एक संहिता आहे. तिला निवेदक असतो, अभिप्रेत वाचक असतो, तिच्यात मौनाच्या जागा असतात. आणि वाचणाऱ्यावाचून तिचा अर्थ पुरा होत नाही.

या प्रश्नाला मराठी वाचकाच्या परिचयाची एक भूमी आहे. यवतमाळ जिल्ह्यातील पांढरकवड्याजवळ सिवनी येथे १७ एप्रिल १८१८ रोजी दुसऱ्या बाजीरावाच्या पळत्या फौजेला कर्नल अ‍ॅडम्सच्या तुकडीने गाठले आणि पेशव्यांचे उरलेसुरले सैन्य पांगले. खडकी, कोरेगाव, आष्टी ही नावे मराठी स्मरणात ठळक राहिली. सिवनीचे नाव जिल्ह्याबाहेर क्वचितच निघते. तथापि कोणाला काय ठाऊक होते, कोणी कोणावर विश्वास ठेवला आणि ज्ञानाचे श्रेय शेवटी कोणाच्या पदरी पडले, हे तपासावयाचे असेल तर सिवनीकडे नेणारी वाट अधिक बोधप्रद आहे.

२

राज्याने एकाच डोळ्याने पाहू नये, हा विचार जुना आहे. कौटिल्याने हेरांची व्यवस्था सांगताना ते परस्परांना अपरिचित असावेत असा दंडक घातला आणि तिघांच्या सांगण्यात एकवाक्यता आढळल्यासच बातमी ग्राह्य मानावी असे सुचविले. हेर लबाड असतो एवढेच या दंडकामागील कारण नव्हे. एकाच तोंडून आलेली बातमी ही सांगणाऱ्याच्या स्थानाने, भयाने आणि लोभाने रंगलेली असते. तीन स्वतंत्र स्थानांवरून आलेल्या कथनांतील सामाईक भाग मात्र स्थाननिरपेक्ष असण्याचा संभव अधिक असतो.

१८०३ च्या युद्धात आर्थर वेलस्लीने दख्खनमध्ये नेमकी हीच पद्धत अवलंबिली होती. बातमीची तीन वेगवेगळी खाती, प्रत्येकाचे हरकारे वेगळे, खात्यांच्या प्रमुखांचा परस्परांशी संबंध नाही, आणि तिन्हींचे वृत्तांत एकट्या सेनापतीकडे. पुढे पुण्याचा रेसिडेंट झालेला माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन हा मुलकी सेवेतील तरुण त्या मोहिमेत वेलस्लीच्या पदरी होता आणि बातमीच्या कामाशी त्याचा निकटचा संबंध होता. कौटिल्याचा दंडक येथे अक्षरशः पाळला गेला, असे म्हणावयास हरकत नाही.

तरीही २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईच्या रणांगणावर वेलस्लीला शत्रूचा तळ अपेक्षेपेक्षा फार जवळ आणि वेगळ्याच जागी आढळला. हरकाऱ्यांनी तळ भोकरदनला असल्याचे सांगितले होते. वेलस्लीने भोकरदन म्हणजे गाव असा अर्थ घेतला. हरकाऱ्यांच्या बोलण्यात भोकरदन म्हणजे त्या नावाचा सारा मुलूख होता. तळ भोकरदनपासून असईपर्यंत पसरला होता. बातमी खोटी नव्हती, हरकारे फितूर नव्हते, खात्यांतही विसंवाद नव्हता. एकच नाव बोलणाऱ्याच्या संकेतव्यवस्थेत परगण्याचा निर्देश करीत होते आणि ऐकणाऱ्याच्या संकेतव्यवस्थेत गावाचा. ही चूक शेकडो माणसांच्या प्राणांवर बेतली.

या उदाहरणातून निघणारा निष्कर्ष महत्त्वाचा आहे. साक्षींची संख्या वाढविल्याने लबाडीवर आणि लोभावर मात करता येते. अर्थनिर्णयनातील चुकीवर करता येत नाही. तिन्ही हरकारे ‘भोकरदन’ म्हणाले असते तरी ऐकणाऱ्याचा गैरसमज तिप्पट दृढच झाला असता. म्हणजे कौटिल्याच्या सूत्राला एक न उच्चारलेली अट आहे : तिन्ही कथने ज्याच्यापाशी पोचतात त्याने नुसते मोजून भागत नाही, त्याने वाचले पाहिजे; आणि ‘तुझ्या बोलीत या शब्दाचा अर्थ काय’ असे हरकाऱ्याला विचारण्याइतकी नम्रता त्याच्या ठायी असली पाहिजे.

३

स्वतंत्र साक्षी आणि स्पर्धक साक्षी यांतील भेद येथे स्पष्ट करावयास हवा. स्वतंत्र साक्षीला दुसऱ्या साक्षीची वार्ता नसते. स्पर्धक साक्षीला ती असते. किंबहुना तिचे बोलणे दुसऱ्याचे बोलणे खोडून काढण्यासाठीच रचलेले असते. पहिलीचा विषय शत्रू असतो. दुसरीचा विषय हळूहळू प्रतिस्पर्धी खाते हाच बनतो.

उत्तर पेशवाईत हे स्थित्यंतर विलक्षण स्पष्टपणे दिसते. नाना फडणीस हा फडाचा, म्हणजे कारभाराचा आणि हिशेबाचा माणूस. महादजी शिंदे हा लष्कराचा. १७८४ मध्ये बादशाहीची वकील-इ-मुतलकी पेशव्यांच्या नावे आणि तिचा नायब म्हणून महादजीच्या हाती आल्यावर दिल्लीच्या घडामोडींची सर्वांत मोठी खबर साहजिकच महादजीच्या छावणीत गोळा होऊ लागली. परंतु पुण्याच्या फडाला त्या छावणीवाचून स्वतःचे कान हवे होते. ते हिंगणे घराण्याच्या वकिलांनी पुरविले. द. ब. पारसनीसांनी ‘दिल्ली येथील मराठ्यांची राजकारणे’ या नावाने जो पत्रव्यवहार प्रकाशात आणला, त्यात दिल्लीहून पुण्याकडे जाणारी ही बातमी वाचावयास मिळते. बादशहा, अमीर-उमराव, शीख, रोहिले यांच्याविषयीच्या मजकुरालगतच महादजीची चाल, त्याची पैशाची ओढ आणि त्याचे मनसुबे यांविषयीचा मजकूर तीत येतो. ज्याच्या तलवारीच्या आश्रयाने वकील दिल्लीत वावरत होता त्याच्यावरच त्याने नजर ठेवावी, अशी ही रचना होती. महादजीला हे अज्ञात नव्हते. हिंगण्यांविषयीचा त्याचा राग आणि पुण्यात इंग्रजांचा स्वतंत्र रेसिडेंट नेमला जाण्यास त्याने केलेला विरोध यांचे मूळ एकच आहे. चार्ल्स मॅलेट १७८६ मध्ये पुण्यास आला आणि इंग्रज व पेशवे यांच्यामधील एकमेव दुवा असण्याचे महादजीचे स्थान गेले.

या दोन पुरुषांपैकी कोण अधिक राष्ट्रहितैषी होता, हा इतिहासलेखनातील जुना आणि बहुधा निष्फळ वाद आहे. प्रस्तुत प्रश्नाच्या दृष्टीने लक्षणीय गोष्ट निराळी आहे. दोघांचीही बातमीची साधने उत्तम होती. उभ्या हिंदुस्थानात नानाइतका माहीतगार कारभारी नव्हता असे इंग्रजही मानीत. तरीही दोघांच्या ज्ञानाची बेरीज राज्याच्या खाती जमा झाली नाही, कारण तिला जमा करून घेणारे तिसरे स्थान रिकामे होते. सवाई माधवराव अल्पवयीन होता. ‘श्रीमंतांस विदित व्हावे’ हा पत्रव्यवहाराचा संकेत उरला, श्रीमंत नावाचा वाचक उरला नाही. १७९२ मध्ये महादजी पुण्यास आला तो अंशतः याच वाचकाच्या शोधात, असे म्हणता येईल. १२ फेब्रुवारी १७९४ रोजी वानवडीस त्याचा अंत झाला आणि १३ मार्च १८०० रोजी नानाचा. दोघांच्या मृत्यूंबरोबर दोन ज्ञानभांडारे नाहीशी झाली. राज्याचे म्हणावे असे ज्ञान मागे फारसे राहिले नाही.

४

इंग्रजांच्या बाजूस ही दुही नव्हती असा समज पराभूतांच्या इतिहासलेखनात सहजी रुजतो. वस्तुस्थिती तशी नाही. १८१७ च्या उन्हाळ्यात पुण्यातील रेसिडेन्सीजवळ बाजीरावाच्या हालचालींची तपशीलवार बातमी येत होती. बाळाजीपंत नातूंसारखी माणसे ती पुरवीत होती. जूनमधील पुणे कराराने अपमानित झालेला पेशवा युद्धाची तयारी करीत आहे, हा एल्फिन्स्टनचा निष्कर्ष या बातमीवर उभा होता. ऑगस्टमध्ये जॉन मालकम माहुलीस बाजीरावाला भेटला. मालकम हा मूळचा सैनिक, पुढे राजकीय कामातही मुरलेला. पेशव्याने त्याच्यापुढे आपले दुःख मांडले, मैत्रीच्या आणाभाका घेतल्या, आणि मालकमचा त्यांवर विश्वास बसला. पेंढाऱ्यांवरील मोहिमेसाठी पेशव्याने फौज जमवावी यास त्याने उत्तेजन दिले. सिंहगड, पुरंदर, रायगड हे ओलीस घेतलेले किल्ले परत करण्यात आले. एल्फिन्स्टनचा संशय कायम होता; त्याने मालकमच्या मताला वाट करून दिली. ५ नोव्हेंबरला खडकीची लढाई झाली, आणि संगमावरील रेसिडेन्सी एल्फिन्स्टनच्या ग्रंथसंग्रहासह जळाली.

येथे रूढ कल्पना उलटी होते. सैनिक विश्वास ठेवतो आणि मुलकी अधिकारी शंका घेतो. याचे कारण दोघांच्या स्वभावात शोधण्याऐवजी त्यांच्या ज्ञानसाधनांत शोधणे उचित ठरेल. एल्फिन्स्टनचे ज्ञान परोक्ष होते : विकत घेतलेले, तुकड्यातुकड्यांनी आलेले, पडताळून जुळविलेले. मालकमचे ज्ञान समोरासमोरच्या भेटीतून आलेले, मुद्रा आणि स्वर यांनी भारलेले होते. तत्त्वज्ञ प्रत्यक्षाला परोक्षाहून श्रेष्ठ मानतात. माहुलीस प्रत्यक्षाने फसविले.

परंतु कथा येथे संपत नाही. आष्टीच्या लढाईत २० फेब्रुवारी १८१८ रोजी बापू गोखले पडल्यावर बाजीराव उत्तरेकडे आणि मग पूर्वेकडे वळला. नागपूरकर आप्पासाहेब भोसल्यांशी हातमिळवणी करून चांद्याचा आश्रय घ्यावा, असा त्याचा बेत होता. नागपूरचा रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्स हा मुलकी अधिकारी. त्याला या गुप्त पत्रव्यवहाराचा सुगावा लागला आणि मार्चमध्ये आप्पासाहेब कैद झाले. चांद्याची वाट रोखण्यासाठी वर्धेच्या तीरावर वरोड्याकडे स्कॉटची तुकडी आली, हिंगणघाटाकडून अ‍ॅडम्स निघाला, आणि पश्चिमेकडून हैदराबादच्या तैनाती फौजेसह डोव्हटन येत होता. बाजीरावाला डोव्हटनची खबर होती. त्याला चुकविण्यासाठी तो निघाला आणि सिवनीपाशी अ‍ॅडम्ससमोर येऊन ठेपला. नागपूरच्या मुलकी कचेरीतून निघालेली बातमी आणि छावणीतील घोडदळ यांचा येथे मेळ बसला. पेशव्याच्या बाजूस मात्र एका शत्रूविषयीचे ज्ञान दुसऱ्याविषयीच्या अज्ञानाला कारण झाले.

३ जून १८१८ रोजी बाजीराव स्वाधीन झाला तो मालकमच्या. ज्याने त्याला अचूक ओळखले होते त्या एल्फिन्स्टनकडे तो गेला नाही; ज्याने त्याला चुकीचे ओळखले, पण माणूस म्हणून ऐकून घेतले, त्याच्याकडे गेला. मालकमने सालीना आठ लक्ष रुपयांच्या तनख्याचे वचन दिले. गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जला ही रक्कम फार मोठी वाटली, तरी वचन पाळले गेले. माहुलीस बातमी म्हणून निकामी ठरलेला विश्वास दहा महिन्यांनी आणखी रक्तपात टाळण्यास उपयोगी पडला. यावरून माहुलीतील चूक चूक नव्हती असे ठरत नाही. त्या चुकीची किंमत खडकीला आणि कोरेगावला पडलेल्या माणसांनी मोजली, आणि जूनमधल्या तहाने ती परत आली नाही. एवढेच म्हणता येईल की दोन खात्यांच्या ज्ञानांतील फरक हा नेहमी खऱ्या-खोट्याचा फरक नसतो. एक खाते शत्रूला लक्ष्य म्हणून जाणते, दुसरे त्याला उद्या ज्याच्याशी बोलावे लागेल असा माणूस म्हणून जाणते. एकाने दुसऱ्याला गिळले, तर राज्य अर्धेच जाणते.

५

या युद्धाची नोंद करणारे ग्रंथही या दुहीचे वारस आहेत. हेन्री प्रिन्सेप या मुलकी अधिकाऱ्याचा ग्रंथ १८२० चा. व्हॅलेंटाइन ब्लॅकर या मद्रास फौजेच्या क्वार्टरमास्टर जनरलचा १८२१ चा. पहिल्यात तह, दरबार आणि कारस्थाने यांना अग्रस्थान आहे, तर दुसऱ्यात कूच, अंतरे, नकाशे आणि तुकड्या यांना. लष्करातून राजकीय सेवेत गेलेल्या ग्रँट डफचा मराठ्यांचा इतिहास १८२६ मध्ये आला आणि त्याने दोन्ही दृष्टींचा संगम साधण्याचा प्रयत्न केला. तिन्ही ग्रंथ बातमीवर उभे आहेत. ज्यांनी ती आणली त्यांची नावे मात्र बहुधा आढळत नाहीत. जासूद, हरकारा, नजरबाज ही सर्व सामान्यनामे आहेत. कर्नलचे नाव राहते, रेसिडेंटचे नाव राहते; नदीचा उतार कोठे आहे, धूळ कोणत्या दिशेला उडाली, हे ज्याने सांगितले तो व्याकरणातील कर्मणि प्रयोगात लुप्त होतो : ‘बातमी मिळाली.’

वात्स्यायनाने न्यायभाष्यात आप्ताचे लक्षण सांगताना दोन अटी घातल्या आहेत. आप्ताला विषयाचे साक्षात ज्ञान असावे, आणि जसे जाणले तसे सांगण्याची इच्छा असावी. हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ यांना सारखेच लागू आहे, असेही तो स्पष्ट करतो. साक्ष ही जातीवर, पदावर किंवा विद्येवर अवलंबून नाही, ही फार दूरवर जाणारी भूमिका आहे. तिच्या प्रकाशात पाहिले असता हेरखात्यांचा व्यवहार नेमका उलटा दिसतो. साक्षात ज्ञान हरकाऱ्यापाशी असते. प्रामाण्य मात्र खात्याच्या शिक्क्याने मिळते. आणि ज्या क्षणी दोन खात्यांत स्पर्धा सुरू होते त्या क्षणी आप्ताची दुसरी अट मोडते. जसे जाणले तसे सांगण्याच्या इच्छेची जागा ‘सांगितल्याची नोंद व्हावी’ ही इच्छा घेते. या दोन इच्छा दुरून सारख्या दिसतात, परंतु त्यांतून निर्माण होणाऱ्या संहिता भिन्न असतात. पहिल्या इच्छेतून आलेली बातमी वाचणाऱ्याला शंका विचारण्यास जागा ठेवते. दुसरीतून आलेली बातमी सर्व संभव उल्लेखून मोकळी होते. पुढे काहीही घडले तरी तीत त्याचा उल्लेख सापडावा अशी तिची बांधणी असते.

सिवनीच्या भूमीवर या प्रश्नाला आणखी एक अंग आहे. १८०३ च्या देवगावच्या तहानंतर वर्धेच्या पश्चिमेचे वऱ्हाड निजामाकडे गेले होते. म्हणजे जेथे पेशवा आणि कंपनी यांची गाठ पडली तो मुलूख दोघांचाही नव्हता. तेथील रयतेला तिन्ही बाजूंच्या फौजांनी वाट विचारली असणार हे उघड आहे, आणि उत्तर देणे व न देणे ही दोन्ही तिच्या दृष्टीने सारखीच घातक होती. मराठी स्मृतीने बाळाजीपंत नातूंना फितुरीचे प्रतीक बनविले. परंतु इनाम आणि अधिकार यांसाठी बातमी विकणारा शहरी मुत्सद्दी आणि घोडेस्वाराच्या धाकाने बोट दाखविणारा कुणबी यांना एकाच शब्दाखाली आणणे न्याय्य ठरत नाही. कोणत्या खात्याने आधी जाणले, हा वाद वरच्या मजल्यावर चालतो. जाणण्याची किंमत खालच्या मजल्यावर वसूल होते.

६

स्वतंत्र भारतात हाच पेच १९६२ मध्ये पुन्हा उभा राहिला. त्या वर्षीच्या पराभवाने आत्मसमर्थनाचे एक संपूर्ण वाङ्मय निर्माण केले. बी. एम. कौल यांचे ‘द अनटोल्ड स्टोरी’ १९६७ मध्ये, ब्रिगेडियर जॉन दळवी यांचे ‘हिमालयन ब्लंडर’ १९६९ मध्ये, आणि इंटेलिजन्स ब्युरोचे दीर्घकाळचे संचालक बी. एन. मलिक यांचे नेहरूंसमवेतच्या वर्षांविषयीचे लेखन १९७१ पासून प्रसिद्ध झाले. मलिकांचे म्हणणे, ब्युरोने चिनी तयारीची माहिती वेळोवेळी दिली होती; सैनिकी लेखकांचे म्हणणे, माहिती अपुरी होती आणि तिच्यावरून चीन प्रतिकार करणार नाही असा जो निष्कर्ष काढला गेला तो घातक ठरला. ही पुस्तके शेजारी ठेवून वाचली असता ‘कळविले होते’ या क्रियापदाचे सामर्थ्य आणि त्याची मर्यादा दोन्ही जाणवतात. प्रत्येक निवेदक आपल्या कथनात एकमेव विश्वसनीय निवेदक आहे. दळवींच्या ग्रंथाला इतरांहून अधिक नैतिक वजन येते, कारण तो निवेदक नामका चूच्या काठी आपल्या माणसांसह होता आणि पुढे युद्धकैदी झाला. त्याच्या ज्ञानाची किंमत त्याने स्वतः दिली होती.

कोल्हापूरकडचे लेफ्टनंट जनरल शं. पां. पा. थोरात यांचे उदाहरण आणखी अंतर्मुख करणारे आहे. पूर्व विभागाचे सेनापती या नात्याने त्यांनी १९५९ मध्ये चिनी आक्रमणाच्या संभवाचा आराखडा वर पाठविला आणि मार्च १९६० मध्ये लखनौ येथे ‘लाल किला’ नावाच्या सरावात तो मांडून दाखविला. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना तो पटला नाही. येथे बातमी होती, आकलन होते, ते नाट्यरूपात समोर उभेही केले होते. नव्हता तो ऐकणारा.

२१ नोव्हेंबर १९६२ रोजी यशवंतराव चव्हाणांनी संरक्षणखात्याची सूत्रे घेतली. २ सप्टेंबर १९६३ रोजी त्यांनी लोकसभेत नेफातील पराभवाच्या चौकशीविषयी निवेदन केले. वणीचे लोकनायक बापूजी अणे त्या तिसऱ्या लोकसभेत नागपूरचे प्रतिनिधी होते. गुप्तवार्तेविषयी चव्हाणांनी केलेली मांडणी साहित्याच्या अभ्यासकानेही अभ्यासावी अशी आहे. बातमी गोळा करणे, तिची जुळणी व मूल्यमापन करणे, आणि ती योग्य स्थळी पोचविणे असे तीन टप्पे त्यांनी वेगळे केले आणि प्रत्येकातील दोष सांगितला. गोळा करण्याचे काम संथ, कळविण्याची भाषा संदिग्ध, मूल्यमापन अचूक असण्याची शाश्वती नाही, असा त्यांचा आशय होता. कोणत्याही एका खात्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे न करता दोष क्रियेत दाखविणे, यात राजकीय सावधपणा होता. त्याचबरोबर त्यात एक तात्त्विक अचूकताही होती. मात्र ज्या हेंडरसन ब्रुक्स चौकशीवर ते निवेदन आधारले होते तिचा अहवाल भारत सरकारने अधिकृतपणे प्रसिद्ध केलेला नाही. नेव्हिल मॅक्सवेल यांनी २०१४ मध्ये त्यातील काही भाग प्रकाशात आणला. संहिता दडलेली राहिल्याने तिच्याविषयीची आत्मकथनेच संहितेच्या जागी बसली.

पुढचा क्रम परिचित आहे. २१ सप्टेंबर १९६८ रोजी परदेशी गुप्तवार्तेसाठी ‘रॉ’ स्थापन झाली. १९९९ च्या कारगिल संघर्षानंतर के. सुब्रह्मण्यम समितीने खात्याखात्यांतील देवाणघेवाणीच्या उणिवा नोंदविल्या, आणि २००२ मध्ये संरक्षण गुप्तवार्ता संस्था उभी राहिली. प्रत्येक पराभवानंतर आणि प्रत्येक आश्चर्यानंतर एक खाते वाढले. ऐकण्याची क्षमता त्याच प्रमाणात वाढली काय, हा प्रश्न संस्थांच्या संख्येने सुटणारा नाही.

७

यावर एक गंभीर आक्षेप संभवतो. दुही एवढी अनर्थकारक असेल, तर सर्व गुप्तवार्ता एकाच छत्राखाली का आणू नये? जर्मनीत १९४४ मध्ये लष्करी अ‍ॅबवेहर नाझी पक्षाच्या सुरक्षायंत्रणेत विलीन करण्यात आली. स्पर्धा संपली, पण त्याबरोबर हुकूमशहाला न रुचणारे सांगू शकणारा एक आवाजही संपला. १९६२ पूर्वीच्या भारतातही अडचण केवळ दोन अंदाजांच्या संघर्षाची नव्हती. एक अंदाज सत्तेच्या कानाशी लागलेला होता आणि दुसरा, थोरातांसारख्यांचा, दाराबाहेर होता. तो संघर्ष उघडपणे झाला असता तर कदाचित बरे झाले असते. एकमुखी राज्य अधिक जाणते असे नाही. त्याला आपले अज्ञान दाखवून देणारे कोणी उरत नाही एवढेच.

दुसरा आक्षेप विरुद्ध बाजूने येतो. हेराचे काम सांगण्याचे, निर्णय राज्यकर्त्याचा. सांगणाऱ्यावर ऐकविण्याचेही दायित्व टाकले, तर खाती धोरण ठरवू लागतील आणि लोकशाहीत ते अधिक भयावह आहे. हा आक्षेप खरा आहे आणि त्याने प्रश्नाची कक्षा निश्चित होते. सांगणाऱ्याने निर्णय घ्यावा असे कोणी म्हणत नाही. परंतु निर्णय न घेणे आणि समजुतीची जबाबदारी न घेणे यांत अंतर आहे. भोकरदन म्हणजे गाव की परगणा, हे स्पष्ट करणे म्हणजे लढाई कोठे द्यावी हे ठरविणे नव्हे. आपली बातमी कोठे दुबळी आहे हे सांगणे, दुसऱ्या खात्याची विरोधी बातमी दडपण्याऐवजी आपल्या बातमीशेजारी मांडणे, आणि ज्याच्या तोंडून ती आली त्याचे स्थान व त्याचे भय नोंदविणे, हे सर्व सांगण्याच्याच कर्तव्यात मोडते. ऐकणाऱ्याच्या बाजूने याचे प्रतिरूप असे की, राज्यकर्त्याने नावडत्या बातमीचे काय केले याचा जाब त्याला द्यावा लागला पाहिजे; आणि तो जाब देता यावा यासाठी अहवाल कधीतरी उघडे झाले पाहिजेत.

‘आम्ही कळविले होते’ हे विधान म्हणूनच अपुरे आहे. त्याला तीन प्रश्न विचारल्यावाचून ते निर्दोष मानता येत नाही. कोणाला कळविले? कोणत्या भाषेत कळविले? आणि तुमच्याहून वेगळे जो सांगत होता त्याचे तुम्ही काय केले? हिंगणे आणि महादजी, एल्फिन्स्टन आणि मालकम, मलिक आणि कौल यांना हे प्रश्न सारखेच लागू होतात, आणि यांपैकी कोणीही तिन्हींची उत्तरे पूर्णपणे देऊ शकत नाही. त्यातल्या त्यात मालकमपाशी संशय बाजूला ठेवून ऐकण्याची आणि एल्फिन्स्टनपाशी आपला संशय न सोडता दुसऱ्याला वाट देण्याची तयारी होती. १८१७ मध्ये ती एकत्र येऊनही अपुरी पडली. तेव्हा हे गुण यशाची हमी देत नाहीत. पराभवानंतर कोणाची जबाबदारी किती, हे प्रामाणिकपणे ठरविता येईल एवढी सोय मात्र ते करून ठेवतात. १९६२ चा अहवाल जोवर बंद दप्तरात आहे तोवर तीही सोय नाही, आणि दळवींच्या ब्रिगेडमधील जे जवान नामका चूहून परतले नाहीत त्यांच्या घरच्यांना ‘कळविले होते’ एवढ्यावरच समाधान मानावे लागते.